वरच्या बंधीचं पाणी

“खालच्याले सांगितल्याबिगर वरचा बांध फोडायचा नाही. बोलणं बंद असो, वैर असो. तोंड पाहवत नसेल त बैलाकडे पाहून सांग. पण सांग.”

सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी आश्विनात बांधावरचं कांस गवत फुलून पांढरं झालं, की अंजनीच्या कानात त्यांचा हा आवाज येई. लग्न होऊन आली त्याच साली त्यांनी तिला बांधावर उभं करून हे सांगितलं होतं आणि तिच्याकडून दोनदा म्हणवूनही घेतलं होतं.

उमरटोला जबलपूरपासून सहा कोसांवर, पाटणच्या वाटेला. जमीन काळी आणि तव्यासारखी सपाट. शेताला चारी बाजूंनी छातीभर बांध घालायचे, आषाढाचं पाणी त्या बंधीत कोंडायचं आणि दसऱ्यापर्यंत तसंच उभं ठेवायचं. गवत आतल्या आत कुजतं, माती पोटभर पाणी पिते. मग एकेक बंधी वरून खाली रिकामी करत यायचं, वाफसा आला की वखर घालायचा आणि गहू पेरायचा. वरच्याचं पाणी खालच्याच्या शेतातून वाट काढतं, म्हणून वरचा अडून बसला की खालच्याचीही पेरणी अडते.

भोसल्यांच्या अमदानीत शिपाईगिरीला आलेलं हे कुणब्याचं घर. पिढ्या गेल्या, शेतात हिंदी आणि चुलीपाशी मराठी असं होऊन बसलं. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा खालची बंधी थोरल्या बाबारावांकडे गेली, वरची धाकट्या गणपतकडे, म्हणजे अंजनीच्या नवऱ्याकडे.

त्या साली दसरा झाला, गावातल्या वरच्या सगळ्या बंध्या रिकाम्या झाल्या, बगळे चिखलात उतरले. गणपतची बंधी मात्र काठोकाठ भरलेली होती. गणपतला त्या पाण्यात बाप्तिस्मा घ्यायचा होता.

गोठ्याच्या भिंतीपलीकडून बाबारावांचा आवाज आला. अंजनी शेण काढत होती, ती तशीच थांबली.

“काय रे सोन्या,” बाबाराव बैलाला म्हणत होते, “तुह्या वावरात औंदा गहू पेरायचा की मासे पाळायचे? शेजारच्या धन्याले विचार बा. त्याची समाधी उतरली असंल त पाणी सोड म्हणा.”

बैल रवंथ करत राहिला. होळीपासून दोघा भावांचं बोलणं असंच चाललं होतं. अंजनीला तर भासऱ्याशी बोलायची सोयच नव्हती. थोरल्या दिरासमोर डोईवरचा पदर दातांत धरायचा आणि काही सांगायचं झालं तर जावेला सांगायचं, या रीतीत तिची सोळा वर्षं गेली होती.

ती घरात आली. गणपत खाटेवर उशाला घोंगडी घेऊन बसला होता. छातीचा पिंजरा झाला होता. श्वास घेतला की गळ्याखाली खळगा पडायचा.

“ऐकलं?” तिनं विचारलं.

“ऐकलं. सोन्या काय म्हणाला?”

तिला हसू आलं नाही. पेजेची वाटी तिनं त्याच्या हातात दिली आणि वाटीखाली आपला हात धरून ठेवला.

दोन वर्षांमागे त्याच्या थुंकीत रक्त पडलं, तेव्हा तिनंच त्याला बैलगाडीत घालून जबलपूरला मिशनच्या दवाखान्यात नेलं होतं. चार महिने तो तिथं होता. नेपियर टाउनातल्या शाळेतले अच्युत मास्तर संध्याकाळी येऊन रोग्यांना पुस्तक वाचून दाखवत. गणपत परत आला तो अंगानं थोडा भरलेला, पण गावदेवी खेरमाईच्या ओट्यासमोरून जाताना त्यानं हात जोडले नाहीत. कोणी विचारलं तर भांडायचा नाही. “मी येशूचा झालो,” एवढंच म्हणायचा. होळीत त्यानं नारळ टाकला नाही, आणि बाबारावांनी चारचौघांत त्याच्याशी बोलणं टाकलं.

तरी बाप्तिस्मा राहिलाच. उन्हाळ्यात पाद्री साहेब थंड डोंगरावर जात. पावसाळ्यात या काळ्या मातीत गाडीचं चाक फिरत नाही. आणि खरं म्हणजे गणपत अंजनीच्या होकारासाठी थांबला होता. ती ‘हो’ म्हणाली नाही, ‘नाही’ही म्हणाली नाही. सकाळी आंघोळ, देवाला पाणी, मग घास, हा तिचा नेम. तो तिनं सोडला नाही, त्यानं सोडायला सांगितलं नाही.

आता खोकल्यात पुन्हा रक्त येऊ लागलं होतं.

कोजागिरीच्या दिवशी अच्युत मास्तर आले. बूट हातात, गुडघ्यापर्यंत चिखल, बगलेत छत्री. अंगणातल्या पोत्यावर बसले आणि पाणी मागितलं. अंजनीनं वरून धार धरली, मास्तरांनी ओंजळीनं प्यायलं. भांडं त्यांच्या हातात द्यायचं नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी तोंड पुसलं आणि गणपतकडे बघायच्या आधी जमिनीकडे बघितलं.

“साहेब येत नाहीत, गणपतराव. कटंगीच्या आमराईत तंबू पडलेत. मेमसाहेबांना ताप आहे, आज आठवा दिवस. दिवाळीनंतर येऊ, असा निरोप आहे.”

“दिवाळीनंतर,” गणपत म्हणाला. बोटं मोजत बसला. “तोवर पाणी राहत नाही मास्तर. दादाची पेरणी जाते. आन् मीबी राहत नाही.”

“असं का बोलता?”

“खोटं काय बोललो? तुम्हीच द्या ना मले. तुम्हाले त सगळं पाठ आहे.”

“पाठ असून चालत नाही हो. मिशननं नेमलेला माणूस लागतो. मी दिला तर उद्या साहेब म्हणतील, हा झालाच नाही.”

“मग लोटाभर डोक्यावर टाका. दुसऱ्या मिशनचे लोक तसंच करतात म्हणे.”

“करतात. त्यांचं त्यांच्यापाशी.” मास्तर छत्रीच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिले. “आमच्यात असं मानतात, की हे पुरणं आहे. जुना गणपत पुरायचा आणि नवा वर यायचा. माणूस पुरायला गेलं आणि चिमूटभर माती टाकून घरी आलं, असं करतो का कोणी?”

गणपत हसला. हसता हसता खोकला लागला. अंजनीनं दाराआडून राखेचं मडकं पुढं सरकवलं. खोकला ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, “आन् न घेताच गेलो त?”

मास्तरांनी छत्री बाजूला ठेवली. अंगणात कोंबडी चिखल उकरत होती.

“साहेब म्हणतील, आज्ञा आहे, पाळली पाहिजे. मला विचाराल तर सांगतो. येशूच्या शेजारी एक चोर टांगला होता. शेवटच्या घडीला त्यानं विश्वास धरला. त्याला कुणी पाण्यात नेलं नाही, तरी तो गेला बरोबर.”

“त्या चोराचे हात खिळलेले होते मास्तर,” गणपत म्हणाला. “माह्ये मोकळे आहेत. पाणी दाराशी आहे. मी कोणत्या तोंडानं सांगू, की नाही जमलं?”

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांनी प्रार्थना केली, बूट उचलले आणि दिवस असेतोवर शहर गाठायचं म्हणून निघाले. बांधापाशी थांबून त्यांनी भरलेल्या बंधीकडे एकदा पाहिलं, हे अंजनीनं दारातून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तिचं कार्तिकस्नान सुरू झालं. तांबडं फुटायच्या आधी ओढ्यावर जायचं, गार पाण्यात तीन बुड्या मारायच्या, ओलेत्यानं घरी येऊन दिवा लावायचा. बारा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून पुन्हा बैलाशी बोलणं झालं. पण या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

“सोन्या, पाटणवाल्यांचा निरोप आला. विनताची सोयरीक मी जमवली, माह्या शब्दावर साखर वाटली. ते म्हणून राहिले, बाप ख्रिस्ताव झाला त पोरगी आमच्या दारात नको. आता मी त्याहीले काय सांगू? तूच सांग बा.”

अंजनीची विनता अकरा वर्षांची. ओसरीवर बसून ती डाळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं, मग पुन्हा चालू झालं. अंजनीनं ते थांबणं ऐकलं.

पाचव्या दिवशी ओढ्यावरून येताना ती घराकडे वळली नाही. ओलं लुगडं पायाला चिकटत होतं. उजाडायला लागलं होतं, बंधीवर धुक्याची साय होती. गोठ्याच्या कुडाला टेकवलेलं फावडं तिनं उचललं. बांधाच्या खालच्या अंगाला जिथून दर साली पाणी सोडत, तिथं कांसाच्या पेंढ्या आणि चिखल ठोकून बसवलेला होता. तिथं ती उभी राहिली. पाणी गेलं, की गणपतही हा नाद सोडील. पेरणी होईल, पोरगी उजवेल. पाण्यानं आपोआपच वाट काढली, असं होईल. मनात एवढंच होतं.

पहिल्या घावात फावडं पेंढ्यांत अडकलं. तिनं पाय देऊन ते उपटलं आणि पुन्हा मारलं. वीतभर तोंड करायचं, दिवसभर हळूहळू पाणी जाऊ द्यायचं, दुसऱ्या दिवशी ते वाढवायचं, ही रीत तिला ठाऊक होती. पण कोणी यायच्या आत आटपायचं होतं. तिनं दोन हात रुंद कापलं, आणि खोल कापलं. पाणी आधी गुळगुळ वाजलं, मग एकदम पेंढ्या घेऊन सुटलं. बांधाची कड तिच्या पायाखालून ढासळली. ती मागे सरली, फावडं तिथंच पडलं. तीन महिन्यांचं पाणी म्हशींच्या कळपासारखं खाली बाबारावांच्या बंधीत घुसत होतं.

सासऱ्यांचं सांगणं तिला त्यानंतर आठवलं.

ती घरी येऊन दिवा लावते न लावते तोच आरडाओरडा झाला.

“दाऊ! दौड़ो! मेढ़ जा रही है!” बांध चालला म्हणून बाबारावांचा गोंड गडी ओरडत होता.

बाबारावांची बंधी आधीच भरलेली. वरून एवढं पाणी येणार हे ठाऊक असतं, तर त्यांनी दोन दिवस आधी बांधावर माती चढवली असती. आता पाणी कडेवरून वाहू लागलं होतं आणि मधोमध बांधाला चीर पडली होती. बाबाराव कमरेएवढ्या पाण्यात उतरून पाठ बांधाला लावून उभे होते. पंचावन्न वर्षांचा माणूस, धोतर छातीपर्यंत ओलं, दात आवळलेले. गडी कांस उपटून आणत होते, बाया टोपल्यांनी चिखल ओतत होत्या. अंजनी धावत गेली आणि टोपलं घेऊन रांगेत लागली. कोणाला त्यात नवल वाटलं नाही.

दिवस दोन कासरे वर आला तरी काम चाललं होतं. तिच्या मानेत चमक भरली, कानांतून चिखलाचं पाणी ओघळत होतं, पिंढरीला जळू लागली होती ती काढायलाही हात रिकामा नव्हता. शेवटी चीर बुजली. पाणी कडेखाली चार बोटं थांबलं. बाबाराव वर आले आणि बांधावर बसून धापा टाकू लागले. उजवा खांदा त्यांना हलवता येत नव्हता.

तेवढ्यात वरच्या बांधावरून गणपत येताना दिसला. घरापासून तो कसा आला असेल देव जाणे. चार पावलं टाकायचा आणि थांबायचा. टेकायला त्याच्या हातात फावडं होतं. अंजनीनं ते ओळखलं. दांड्याला तिनंच चिंधी बांधली होती.

सात महिन्यांत बाबाराव पहिल्यांदा भावाशी समोरासमोर बोलले.

“गण्या! कोणं फोडला बांध?”

अंजनी एक पाऊल पुढं आली. समोर भासरे, चार गडी, जाऊ. पदर दातांत होता. शब्द आला नाही.

गणपतनं आधी तिच्याकडे पाहिलं नाही, नंतरही पाहिलं नाही. “मी,” तो म्हणाला.

“तू?” बाबाराव उठून उभे राहिले. “लोटा उचलवत नाही तुले, आन् बांध फोडला? तुह्या नव्या देवानं रेडा खाऊ घातला काय?”

एक गडी फिस्सकन हसला.

“चुकलं दादा. सांगायले पाहिजे होतं.”

“चुकलं! बाप सांगून सांगून मेला, आन् चुकलं!” बाबारावांनी हातातला चिखल त्याच्या पायावर फेकला आणि थुंकले. “चाल, व्हय बाजूले. पडशील आन् तेबी पाप माह्याच डोक्यावर येईल.”

गणपत बाजूला झाला. वाटेतलं एक रिकामं टोपलं उचलायला वाकला आणि वाकला तसाच गुडघ्यावर आला. कोणी पुढं झालं नाही. अंजनीनं टोपलं टाकलं, त्याला काखेत धरून उठवलं आणि घरी आणलं.

तिनं पाणी तापवलं. खाटेच्या कडेला त्याचे पाय परातीत घेऊन ती चिखल धूत बसली. घोट्यावरची कातडी कागदासारखी झाली होती. विनताला तिनं गोवऱ्या आणायला पाठवलं.

“खोटं काहून बोलले?”

“तू बोलू शकणार होती काय?”

“तुमच्यात खोटं बोलणं पाप नाही?”

“आहे ना.” त्याला दम लागला. “ओझ्यात आणखी एक भर पडली.”

“रागवा ना मले. दोन थोबाडीत द्या.”

“लोटा उचलवत नाही, दादानं सांगितलं ना? थोबाडीत कुठून देऊ?” तो म्हणाला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून थट्टा थांबवली. “विनताचं ऐकून फोडला तू. मले समजते. मी बाप नाही काय? रात्रंदिवस तेच घोकून राहिलो मी. पोरीचं होऊ द्यावं, आपण गप मरावं. पण गप राहणं जमत नाही. ज्यानं मले घेतलं त्याले घरामागं लपवू कसा?”

ती परातीतल्या पाण्याकडे बघत राहिली. मग वर्षभर मनात असलेलं तिनं विचारलं.

“मी कार्तिकात रोज बुडी घेते. बारा साल झाले. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्याच लागते. तुमची एकच कशी पुरते?”

गणपत खाटेची दोरी बोटांनी चाचपत राहिला.

“तुही बुडी तू घेते. तू नेम पाळते, तुही ताकद आहे. ही आपल्या हातानं घेता येत नाही. मी आजच त्या पाण्यात जाऊन निजलो असतो, पण त्याले बाप्तिस्मा म्हणत नाही. दुसऱ्यानं धरायचं, दुसऱ्यानं बुडवायचं, त्यानंच वर काढायचं. आपण अंग सोडून द्यायचं. मास्तर काय काय सांगतात, मले एवढंच समजलं. जन्माले आलो तेव्हा मी कुठं आपल्या पायानं आलो होतो? सुईणीनंच ओढलं.”

अंजनीनं त्याचे पाय पदरानं पुसले. एक पुसला, मग दुसरा.

“तुम्हाले मी पाण्यात उतरवीन,” ती म्हणाली.

“कोणत्या पाण्यात? तिथं आता बेडूक बसून राहिले.”

“ते मी पाहीन. शब्द दिला तुम्हाले.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षभरात तिनं दिलेलं हे पहिलं उत्तर होतं.

दिवस कलताना ती बाबारावांच्या दारात गेली. ते ओसरीवर पालथे पडले होते, जाऊ खांद्याला तेल चोळत होती. अंजनी खांबाआड उभी राहिली.

“जाऊबाई, भासऱ्यांना सांगा, मले बोलायचं आहे.”

“अहो, इंदूरची राणी आली, बोलायचं म्हणते,” जाऊ म्हणाली.

“तिले म्हणा, घरचा शहाणा आधी बरा कर,” बाबाराव चटईत तोंड खुपसून म्हणाले.

अंजनीनं पदर दातांतून सोडला. डोईवरचा तसाच ठेवला आणि ती खांबाआडून पुढं आली.

“भाऊजी, बांध मी फोडला.”

जावेचा हात थांबला. बाबाराव कोपरावर उठून बसले. सोळा वर्षांत त्यांनी तिचा आवाज एवढ्या जवळून ऐकला नव्हता. तो इतका हळू होता की त्यांना मान पुढं करावी लागली.

“मग त्यानं काहून अंगावर घेतलं?”

“तुमच्यासमोर माह्यं तोंड उघडलं नाही म्हणून.”

“आन् फोडला काहून?”

“विनतासाठी. वाटलं, पाणी गेलं की त्यांचं वेड जाईल.”

“गेलं?”

“नाही. आन् पाणीबी नाही गेलं. तुमच्या बंधीत येऊन उभं आहे.”

बाबारावांना तिचं म्हणणं कळायला क्षणभर वेळ लागला. कळलं तसा चेहरा लाल झाला.

“माह्या वावरात? माह्या वावरात तो धर्म बुडवणार?”

“वरून गढूळ पाणी आलं की गाळ बसायले तीन दिवस ठेवाच लागते. तुम्ही ठेवणारच. त्यातच मी साहेबाले घेऊन येते. घडीभराचं काम आहे. छातीभर पाणी तुमच्या बंधीच्या खालच्या कोपऱ्यातच आहे, गावात दुसरीकडं नाही. नदीपर्यंतचे हिसके त्यांना सोसत नाहीत.”

“पाणी तुमचं असंल, जमीन माह्यी आहे.”

“म्हणून त मागायले आली. सकाळी न सांगता आली होती, आता सांगून राहिली.”

जाऊ मध्येच म्हणाली, “आन् पोरीचं काय गं? तिचा विचार आहे की नाही तुले?”

अंजनीनं भिंतीपलीकडच्या आपल्या घराकडे पाहिलं.

बाबाराव भिंतीकडे बघत म्हणाले, “माह्यानं लपवणं व्हायचं नाही. उद्याच पाटणले माणूस पाठवीन. सोयरीक मोडंल. पुन्हा या मुलखात आपल्या जातीत जमणं कठीण आहे, हे समजून घे. मी शिव्या देतो म्हणून नाही सांगत, आहे ते सांगतो.”

“पाठवा,” अंजनी म्हणाली.

“आवाज नाही आला.”

“माणूस पाठवा, म्हटलं.”

ओट्याखाली बैलानं मान हलवली, घुंगरू वाजलं. बाबारावांनी दुखऱ्या खांद्यावर पंचा ओढला.

“आज, उद्या, परवा. परवा दिवस बुडला की मी पाणी सोडीन. मग पाद्री येवो, नाही त लाटसाहेब येवो. घडीभर थांबणार नाही.”

“हो.”

“आन् त्यावेळी मी तिथं राहणार नाही.”

“हो.”

ती वळली. अंगण ओलांडून फाटकापाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, कोणाला उद्देशून ते सांगता येऊ नये असा.

“त्या कोपऱ्यात बुडाशी बाभळीचं खोड आहे. काटे आहेत त्याले. उद्या काढून टाकतो.”

सकाळी स्नान उरकून तिनं चूल पेटवली. पेज करून झाकून ठेवली. विनताला जवळ घेऊन तिच्या केसांतली जट बोटांनी सोडवली आणि सोयरीक मोडणार, हे आपल्याच तोंडानं सांगितलं. पोरगी परकराची दशी ओढत राहिली. “मले पाटण तसंबी आवडत नव्हतं,” थोड्या वेळानं म्हणाली, आणि पाठ करून बसली. अंजनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरीनं अंग चोरलं तसा काढून घेतला.

गणपत जागा होता.

“कटंगी पाच कोस आहे,” तो म्हणाला.

“आज पोचते. उद्या दिवस आहे तोवर परत.”

“साहेबाची मराठी मोडकी आहे. आन् त्याची बायको आजारी. तो येणार नाही अंजने.”

“मी साहेबाशी नाही बोलणार,” ती म्हणाली. “मेमसाहेबापाशी जाऊन बसते. ती बाईच आहे. आजारी माणसाचं तिले सांगावं नाही लागणार.”

तिनं दोन भाकरी आणि कांदा फडक्यात बांधला. लुगड्याचा काष्टा खोचला. गावाबाहेर बाबारावांच्या बंधीवरून वाट होती. पाणी अजून तांबूस गढूळ होतं, पण कडेला निवळू लागलं होतं. कोपऱ्यात गोंड गडी छातीभर पाण्यात उभा राहून पायानं काहीतरी चाचपत होता. बाबाराव बांधावर पाठमोरे बसले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, आणि ती थांबली नाही.

मोठ्या वाटेला लागल्यावर एक गाडीवाला भेटला. कटंगीच्या वाटेतल्या हिरण नदीला उतार आहे का, असं तिनं त्याला स्वतःहून विचारलं.

“है तो, बाई. पर कमर तक पानी है. अकेली जाओगी?”

“हो,” ती म्हणाली, आणि चालू लागली.